क्रोमखालचं नाव

४ जाने. ७९
कारखान्यात प्लेटिंग सेक्शनला नऊ वर्षं झाली, तरी क्रोमचं नवल सरत नाही. आज क्रोम चढवलेल्या दांड्यावर कानस मारून पाहिली. कानसच घसरली, दांड्यावर ओरखडा नाही! घरी आईची बोटं चिंचेनं चिरलेली. रोज तो पितळेचा गडवा घासायचा. त्यालाच क्रोम केलं तर?

७ जाने., रवि.
सायकलनं कांचघर मोहल्ल्यात, मुन्नाभैयाच्या प्लेटिंगच्या दुकानात. बफिंग, म्हणजे चाकावर घासून गुळगुळीत करणं, मी स्वतः केलं, हौसेनं. मुन्नाभैया म्हणाला, "जितना चिकना, उतना टिकेगा." आधी निकेल, वर केसाहून पातळ क्रोम. गडव्याचा आरसा झाला.

८ जाने.
आईनं काठाखाली बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.
"माह्या मायचं नाव कुठी गेलं?"
आजीनं लग्नात गडवा देताना खिळा ठोकून ठिपक्याठिपक्यांनी टाकून घेतलेलं, कौसल्या. आधीच झिजलेलं, उरलेलं मी चाकावर घासून टाकलं. पाहिलंसुद्धा नाही. आजीचा फोटो नाही. आईला वाचता येत नाही, हे एकच नाव ती बोटानं ओळखायची. फार लाज वाटली.

१५ जाने.
आई अजून चिंच-मीठच लावून राहिली आहे.
"आता नाही लागत, आई."
"काहून? चिंच नाही लावली तं घासल्यावानी वाटत नाही."
मी रोज गुपचूप पाहतो. चमक तशीच. आपलं काम कच्चं निघावं, असं पहिल्यांदाच वाटतंय.

२२ जाने.
टूलरूमचे तिवारीजी म्हणाले, लोखंडावर ठोकलेला नंबर घासून गेला तरी "नीचे धातु दबी रहती है". तिथला धातू कडक झालेला असतो, ॲसिडनं नंबर कधी कधी पुन्हा उमटतो. पितळेवर? मी विचारलं. "कोशिश कर लो, भैया." म्हणजे खिळ्यानं टाकलेलं नाव क्रोमपेक्षा टिकाऊ? डोक्यातून जाईना.

२८ जाने., रवि.
मुन्नाभैयाकडून क्रोम, निकेल दोन्ही उतरवून आणलं. दुपारी अंगणात बसलो, आई शेजारी. ॲसिडचा बोळा काठाखाली फिरवला, धुतलं. काही नाही. पुन्हा. तिसऱ्यांदा गडवा उन्हात तिरपा धरला, तर दोन ठिपके. पुढे एक वळण. 'क' होता, की मला हवा होता म्हणून दिसला?
"दिसलं काय रे?"
गडवा पुन्हा नीट धुवून तिच्या हातात दिला. तिनं डोळे मिटले, चिरलेलं बोट काठाखाली टेकवलं.
"थांब. बोलू नको."