अंथरुणातून कळसदर्शन

५ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. लॉज चालवणाऱ्या माणसाला शिस्त हवी.
विशेष: वरच्या मजल्यावरच्या सात नंबर खोलीतून देवळाचा कळस दिसला. टोकच, पण दिसला. इतकी वर्षं समोरच्या लॉजवरची पाण्याची टाकी आड यायची. (त्या मालकाला आम्ही टाकीवालाच म्हणतो.) टाकी खाली घेतलेली दिसते. उशिरा का होईना, सुबुद्धी सुचली.
हिला वर नेऊन दाखवलं. म्हणाली, टाकी होती तिथंच आहे. हिला व्ह्यू कळत नाही.

६ ऑक्टोबर
पाटी रंगवून घेतली: ‘अंथरुणातून कळसदर्शन’. सात नंबरचा रेट दुप्पट.
आईला पटलं नाही. देवाकडे आपण जायचं, त्याला पलंगावरून काय बघायचं, म्हणे. गुडघे गेल्यापासून ती स्वतः तळमजल्यावरच्या खोलीबाहेर पडत नाही, हे मी बोललो नाही. संयम वाढतोय.

९ ऑक्टोबर
कळस जवळजवळ निम्मा दिसतो. देवाच्या मनात असलं की होतं.
आईच्या खोलीचं दार जमिनीला घासतंय. हवेतला ओलावा. सुताराकडून रंधा मारून घेतला.

११ ऑक्टोबर, दुपार
सात नंबरला एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. दर्शनाने मास्तरीणबाई गहिवरल्या. मास्तर चिकित्सक. टेबलावर ठेवलेलं पेन आपोआप खिडकीकडे जातं, म्हणाले. पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलाय, असं मी सांगितलं. झोपायच्या खोलीत कसलं पाणी, असं त्यांनी विचारलं. काही यात्रेकरूंची श्रद्धाच कमी पडते.
आईच्या दाराला पुन्हा रंधा. ही म्हणते, दार आहे तेवढंच आहे, चौकट वाकडी होतेय. ओलाव्याबद्दल हिला पुन्हा समजावलं.

१३ ऑक्टोबर
सरकारी माणसं आली. टाकीवाल्याच्या भिंतीवर लाल फुली मारून घर रिकामं करायला सांगितलं. जमीन खचतेय म्हणे. टाकीवाला सायकलवर गाद्या लादून गेला, माझ्याकडे बघितलंही नाही. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटत होतं.
सरकारी माणसांनी जाता जाता आमच्याही भिंतीवर फुली मारली. महिनाअखेरपर्यंत बुकिंग फुल आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. नंतर फुलीवर पाटी टांगली. अगदी मापात बसली.

१४ ऑक्टोबर
जिन्याखाली पाणी झिरपतंय, गढूळ. जमिनीखाली कोणी जड कपाट सरकवावं तसा आवाज येतो. मास्तरांना म्हटलं, देवळातला नगारा. त्यांनी घड्याळात बघितलं.
ही आईचे कपडे भरतेय. शाळेच्या हॉलमध्ये सोय केलीय म्हणाली. मी जाणार नाही. कॅप्टनने जहाज सोडायचं नसतं.

१५ ऑक्टोबर, सकाळी लवकर
पूर्ण कळस. ध्वजासकट, खालच्या नक्षीसकट. हात जोडले. मग खाली बघितलं तर समोरचं घरच नव्हतं, नुसती धूळ.
मास्तर आणि मास्तरीणबाई चहा न घेता गेले.
ही म्हणाली, हा मूर्खपणाचा कळस आहे. व्यवसायाचं बोलतेय की माझ्याबद्दल, हे विचारायच्या आत आईची हाक आली.

तीच तारीख, दुपार, शाळेचा हॉल
आईच्या खोलीचं दार उघडेना. मी बाहेरून सांगत होतो, आई, ओलावा आहे, होईल सगळं नीट. ती आतून अगदी हळू म्हणाली, अरे, अंथरुणावर चुना पडतोय. मग विटा पडायला लागल्या, म्हणाली. सुताराला बोलावलं. त्याने कुऱ्हाड घातली तेव्हा मला पुढे जाता येईना. ही आत गेली. हिने आईला पाठीवर घेऊन आणलं.
मला भीती वाटली. खूप वाटली. हे कोणाला कळता कामा नये.
आम्ही कोपऱ्यावर पोचलो तेव्हा आवाज आला. मी वळलो नाही.

१९ ऑक्टोबर
शाळेच्या व्हरांड्यातून कळस चांगला दिसतो, मधे आता काही नाही. आई त्याच्याकडे पाठ करून बसते. माझ्याशी बोलते, पण दाराकडे बघत.
ढिगाऱ्यातून पाटी तेवढी शाबूत निघाली. नव्याने सुरुवात करायची. मनात योजना तयार आहे.

२१ ऑक्टोबर
आमच्या मागचा लॉजवाला भेटायला आला. हळहळला. मग म्हणाला, तुमचं घर गेल्यापासून माझ्या वरच्या खोलीतून पूर्ण कळस दिसतो, पाटी पडूनच असेल तर द्याल का. हिने माझ्याकडे बघितलं. मी पाटी दिली.
त्याला एक गोष्ट सांगायची होती, कशी सांगावी ते सुचेना. तेवढ्यात जाता जाता त्यानेच विचारलं, ओळखीचा कोणी सुतार आहे का. ओलाव्याने दारं जरा धरतायत, म्हणाला.