दोन मीटर चार

स्कार्वोय, १० डिसेंबर

आदरणीय सुनिव्हाताईस,

धाकट्या एइलिफचा मनापासून नमस्कार. आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत आणि तुम्ही दोघं तिकडे बर्गनच्या पावसात अजून विरघळला नसाल असं धरून चालतो. तुझा डावा गुडघा कसा आहे? (उजवा असेल तर उजवा. मागच्या पत्रात तू दोन्हींबद्दल इतकं लिहिलं होतंस की माझा गोंधळ झाला.) दाजींचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्यांना म्हणावं, पाइप सोडा. आणि गेला असेल तर म्हणावं, तरीही सोडा. आईची तब्येत विचारशील, तर एक्याऐंशीव्या वर्षी ती माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, आणि खरं सांगायचं तर हे लांबलचक पत्र त्याचाच पुरावा आहे. माझे दोन्ही तळहात सोलून निघालेत. अक्षर वाकडं आलं असेल तर त्याला कारण तीच आहे, मी प्यायलेलो नाही.

तुला माहीतच आहे की नाताळच्या आदल्या संध्याकाळी ताटात काय वाढायचं, यावरून आमच्या घरात ऑक्टोबरपासून हवा तापायला लागते. माझी गुनवर पश्चिमेकडची. तिच्या मते खारवून सुकवलेल्या मेंढीच्या बरगड्या बर्चच्या काटक्यांवर चार तास वाफवल्या नाहीत, तर येशूचा जन्मच झाला नाही. सूनबाई मायकेन पूर्वेकडची. तिला डुकराच्या बरगड्या हव्यात, वरची कातडी लाहीसारखी फुललेली, दाताखाली कडकन वाजणारी. मी उत्तरेचा माणूस, मला लुटेफिस्क आवडतो. (सुका मासा क्षारात भिजवून थरथरता केलेला पदार्थ नाताळात आवडतो असं मी घरात बोललो, की सगळे माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघतात.) तीन वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या शहाणपणानं मेंढी आणि डुक्कर दोन्ही एकाच स्वयंपाकघरात शिजवायला घेतलं. मेंढीची वाफ चार तास घरभर फिरली आणि डुकराची कातडी जुन्या चपलेसारखी मऊ पडली. मायकेन न्हाणीघरात जाऊन रडली. गुनवर बाहेरून दार वाजवत म्हणत राहिली, "अगं, मी वाफेला सांगितलं होतं का तिकडे जा म्हणून?" ते सांत्वन होतं असं ती आजही शपथेवर सांगते.

तेव्हापासून आईचा हुकूम आहे, एक टेबल, एक मुख्य पदार्थ. गेली दोन वर्षं चिठ्ठ्या टाकून भागलं. यंदा मात्र दोघींनी आधीच जाहीर केलं की चिठ्ठी मान्य नाही. म्हणून नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी, पहिली मेणबत्ती लावल्यावर, आम्ही पाच जणांनी गुप्त मतदान केलं. मेंढीला एक, डुकराला एक, लुटेफिस्कला एक (ते मत कोणाचं हे सगळ्यांना कळलं, गुप्तपणा तिथेच संपला). आपल्या आस्लाकनं कोरा कागद टाकला होता. बायको आणि आई एकाच टेबलाशी बसलेल्या असताना शहाणा मुलगा दुसरं काय करणार? पाचव्या कागदावर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, "मासा." मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरून म्हणालो, "आई, निदान तुला तरी लुटेफिस्कची किंमत कळते."

"भिजवलेला नाही," आई म्हणाली. "जिवंत. सोमवारी होडी काढ."

आता ताई, मी तीस वर्षं फेरीबोटीचं सुकाणू धरलं. समुद्राला मी रस्ता म्हणून ओळखतो, मासे मला ताटात आल्यावरच ओळखू येतात. शिवाय बाबा गेल्यापासून आई होडीत बसलेली नव्हती. मी म्हटलं, ती मोठी चपटी हॅलिबट पाहिजे असेल तर आस्लाकच्या कोळी मित्राकडून आणू, वीस तारखेला ती पकडायला बंदी सुरू होते, त्याच्याकडे आत्ता ताजी असेल. सोमवारी साडेदहाला ती बाबांचा पिवळा मेणकापडी कोट घालून धक्क्यावर उभी होती. बाह्या तिनं चार वेळा दुमडल्या होत्या आणि हातात बाबांचे कातडी हातमोजे. गुनवर ओट्यावरून ओरडत होती, "अहो, तुम्ही तरी सांगा त्यांना!" मी सांगितलं. आई म्हणाली, "इंजिन सुरू कर."

सूर्य आमच्याकडून गेला आहे, तो आता जानेवारीतच येईल. पण दुपारच्या त्या दोन तासांत जो निळा उजेड पडतो, तो बर्गनला राहून तू विसरली असशील. डोंगर निळे, पाणी निळं, आईचा चेहरा निळा. वारा नव्हता. आईनं दूरच्या दोन डोंगरांची टोकं एकमेकांमागे येईपर्यंत मला होडी इकडे घे, तिकडे घे करायला लावलं आणि मग म्हणाली, "इथे." मी विचारलं, इथेच का? म्हणे, "तुझे बाबा इथे गप्प बसायचे." (बाबा सगळीकडेच गप्प बसायचे, पण तो वाद घालायची ती जागा नव्हती.) तिनं स्वतः आमिषाचा मासा गळाला लावला आणि दोरी खाली सोडली. मोजत होती. साठ वाव, म्हणजे शंभर मीटरच्याही खाली. मग आम्ही कॉफी प्यायलो. मी तिला मायकेन आणि गुनवर यांच्याबद्दल माझी व्यथा सांगायला सुरुवात केली. अर्ध्या वाक्यात होडी हलली.

हलली म्हणजे लाटेनं हलते तशी नाही. कोणीतरी खालून दार वाजवावं तशी. आई शांतपणे म्हणाली, "कॉफी ठेव." आणि मग दीड तास, ताई, मी जे केलं त्याला ओढणं म्हणतात की प्रार्थना, मला माहीत नाही. मी दहा वाव दोरी वर घ्यायचो, ती पंधरा वाव परत न्यायची. (मोठी हॅलिबट मादीच असते, आई पहिल्या झटक्यापासून 'ती'च म्हणत होती.) माझे हातमोजे फाटले, मग तळहात. आई काठावर दोरी दोन बोटांत धरून बसली होती, डॉक्टर नाडी बघतात तशी, आणि मला हुकूम सोडत होती. "सोड. आता सोड. दे तिला." "ओढ आता, दमली ती." "तू नाही दमायचं, तू साठ वर्षांचा आहेस, तरुण आहेस." मी आयुष्यात एवढा तरुण कधीच नव्हतो.

आणि मग ती वर आली. मला आधी वाटलं तळच वर येतोय. आधी पाण्याचा रंग बदलला, मग एक शेवाळी, ठिपक्याठिपक्यांचं मैदान होडीखालून सावकाश वर सरकलं आणि सरकतच राहिलं, संपेचना. आमच्या होडीच्या बाजूला ती आडवी झाली तेव्हा होडी मला तिचं पिल्लू वाटली. एकाच बाजूला असलेले ते दोन डोळे एकमेकांपासून स्वतंत्र फिरत होते. एक आईकडे बघत होता, एक माझ्याकडे. मी टोपी काढली. का काढली ते मला विचारू नकोस. तीस वर्षांत मी राजाची बोट बाजूनं जाताना पाहिली आहे, बर्फाचे कडे समुद्रात कोसळताना पाहिलेत, तेव्हा नाही काढली. आईनं ते पाहिलं आणि काही बोलली नाही, हे मी तिचे फार मोठे उपकार समजतो.

"टेप काढ," ती म्हणाली. नियम तुला ठाऊक आहे, दोन मीटरच्या वरची असेल तर पाण्यात परत सोडायची. पेटीतून लोखंडी टेप काढली. आईनं तोंडाकडचं टोक धरलं, मी कुशीवर झोपून शेपटीकडे हात लांब केला. पाणी इतकं थंड होतं की बोटं माझी आहेत हे मला आठवावं लागलं. मी आकड्यावर डोळा नेला आणि तोंड उघडणार तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून आईचा खणखणीत आवाज आला, "दोन मीटर चार!"

मग तिनं हातमोजा काढला आणि उघडा हात त्या प्रचंड कपाळावर ठेवला. किती वेळ ते सांगता येणार नाही. चाकूनं गळापाशी दोरी कापली. "जा बाई," म्हणाली. ती लगेच गेली नाही. कल्ले उघडझाप करत तशीच आमच्या शेजारी राहिली, जणू निरोपाचं काही राहिलं होतं. मग एकदाच कंबर वळवली, आमची होडी हातभर वर उचलली गेली, आणि खाली नुसतं निळं पाणी. परत येताना आई म्हणाली, "कॉफी गार झाली."

घरी रिकाम्या हातांनी गेलो. मला वाटलं हसतील. पण मी सांगत गेलो तसं एकेकाचं तोंड बंद झालं. आस्लाकनं स्वयंपाकघराच्या जमिनीवर खडूनं दोन मीटर चारची रेघ मारली, भोवती मासा काढला, आणि आम्ही सगळे त्याच्या कडेनं चालायला लागलो. आत पाय टाकायला कोणी धजेना. मायकेननं विचारलं, "आजी, तुम्हाला भीती नाही वाटली?" आई म्हणाली, "वाटली ना. म्हणून तर हात ठेवला."

त्या क्षणी गुनवरला काय झालं कोण जाणे. डोळे पुसून म्हणाली, "मायकेन, यंदा तुझं डुक्करच होऊ दे." मायकेन विरघळली. "छे छे आई, यंदा तुमची मेंढी." "नाही गं, डुक्कर." "नाही, मेंढीच." ताई, दहाव्या मिनिटाला दोघी ओरडत होत्या. गुनवर म्हणत होती, "मी एवढं मन मोठं करतेय ते तुला दिसत नाही का?" आणि मायकेन म्हणत होती, "मोठं मन काय तुम्हालाच आहे?" मी संधी साधून हळूच लुटेफिस्कचं नाव काढलं. त्या बाबतीत मात्र दोघींचं एका क्षणात एकमत झालं. सध्या घरात शांतता आहे, पण वाफेसारखी, कुठे जाऊन काय मऊ करील सांगता येत नाही.

बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार. गुडघ्याला, जो असेल त्याला, लोकरीचं बांध.

तुझा,
एइलिफ

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. आईनं काल निकाल दिला. यंदाचा पदार्थ सुनिव्हा ठरवील, आणि इथे येऊन ठरवील. टेलिफोनवर सांगितलेलं धरणार नाही. तुझी खोली तिनं स्वतः झाडून ठेवली आहे. तुला येऊन सहा वर्षं झाली गं. बावीस तारखेच्या बोटीनं ये. मेंढी आण, डुक्कर आण, रिकामी ये.

ता. क. २ : हे वाचून झाल्यावर बंबात टाक. शेपटीकडचा आकडा माझ्याच हातात होता. एक मीटर त्र्याण्णव. कायद्यानं ती आमची होती. काल आईला एकटी गाठून म्हटलं, आई, तू तोंडाकडे होतीस, तुला तिथून आकडा कसा दिसला? ती शांतपणे विणत राहिली. म्हणाली, "दिसायचा कसा? माझा चष्मा घरी राहिला होता." आणि मग, टाका न चुकवता, "पण एइलिफ, तुझा तर नाकावर होता ना?"