हाताने फिरवलेलं पायडल

रहिमतपूर, ता. १८ फेब्रुवारी २०२४

ती. अक्काच्या चरणी भाऊसोचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

सायकलीला बसवायच्या इंजिनाचं खोकं पोचलं. फोनवर मला ऐकू येत नाही म्हणून तू पुन्हा पत्रं लिहायला लागलीस, आणि आता हे! सव्वीस वर्षं पलटणीच्या ट्रकांखाली आडवा झालो, पण नारळाएवढं इंजिन प्रथमच हातात घेतलं. लीला म्हणाली, हे इंजिन हाय का इंजिनाचं पिल्लू?

गुडघा सायकल मारू देत नाही आणि रान पाटाच्या वाटेनं चार किलोमीटर. शेजारचा नाथाजी वाट्यानं मागतोय. पाडव्याला सांगतो म्हणालोय. तोवर ही सायकल चालली तर रान माझं, नाही तर मी ओट्यावरचा म्हातारा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊसो

माधवनगर, ता. २६ फेब्रुवारी २०२४

चि. भाऊसो यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. नऊ वर्षांचा असताना तू माझं गजराचं घड्याळ उघडलंस आणि मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात रडत बसले होते. संध्याकाळी ते चालू झालं, वर दोन स्क्रू उरलेही. तेव्हापासून तुझ्या हातांवर माझा फार विश्वास आहे. या वेळी मात्र एकही स्क्रू उरवू नकोस.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं असतं, असं अंकिता सांगते. तुझ्या भाचीला इंजिनातलं काही कळत नाही, पण खोक्यावरचं सगळं तिनं वाचलं होतं. ऐकू येत नसताना हमरस्त्यावर जाऊ नकोस. लीलाला त्रास देऊ नकोस, आणि तिनं दिला तर मला कळव.

सदैव तुमचं भलं चिंतणारी,
अक्का

रहिमतपूर, ता. १ एप्रिल २०२४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

सायकल तयार झाली. टाकी पुढच्या दांडीवर, इंजिन तिच्याखाली. मागच्या चाकाच्या तारांवर साखळीचं दातेरी चक्र सरळ बसवायला चार दिवस गेले. एकही स्क्रू उरला नाही. गल्लीतली माणसं बघायला आली, आणि सगळ्यांसमोर माझ्या लक्षात आलं, की हे इंजिन चालू करायला आधी जोरात पायडल मारावं लागतं! पायडल मारता येत नाही म्हणून इंजिन, आणि इंजिनाला पायडल. ट्रक चावीनं चालू करायची सवय. महिनाभर एवढी साधी गोष्ट डोक्यातच आली नाही.

लीलानं ढकलून पाहिलं, तिचाच दम गेला. तसं चालू झालं तरी रानात कोण ढकलणार? नाथाजी कानाशी ओरडला, भाऊसो, पायडल मारता आलं असतं तर इंजिन कशाला लावलं असतंस रं? हसला, पण वाईट माणूस नाही. पाडव्याला रान त्याला देतो. तुझी भेट वाया गेली, रागावू नकोस.

तुझा अपराधी,
भाऊसो

रहिमतपूर, ता. ११ एप्रिल २०२४

ती. वन्संना लीलाचा वाकून नमस्कार.

ह्यांनी तुमाला रडकं पत्र धाडलं म्हणून मीच लिहितेय. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी म्हशींसाठी कडब्याची कुट्टी करत हुते. मशीनचं चाक हातानं गरागरा फिरवताना नजर स्टँडवरच्या सायकलीवर गेली. मागचं चाक अधांतरीच हाय की! ह्यांना हात धरून नेलं, पायडलाकडं बोट दाखवलं आन वरडले, आवं, पायानं न्हाई तर हातानं फिरवा!

येका हातानं क्लच दाबला, दुसऱ्यानं पायडल फिरवलं, वेग आल्यावर क्लच सोडला. फटफट सुरू! ह्यांना ऐकूच आलं न्हाई, ते आपले फिरवतच हुते. मी त्यांचा तळवा टाकीवर ठेवला तवा थरथर कळली. वन्सं, म्हातारा लाजला बगा. मग क्लच दाबून स्टँडवरनं उतरवली आन चांगल्या पायानं रेटा देऊन निघाले.

नाथाजीला म्हणाले, गड्या, रान मीच बघतो. त्यानं सायकलीला हार घातला. चाराण्याएवढं इंजिन ह्यांनी हत्तीवानी भक्कम जोडलंय, लय कौतुक वाटतं. मला मातर कुट्टीवाली इंजिनेर म्हणून चिडवत्यात.

येकटे जात्यात, मागनं कोण आलं तर कळायचं न्हाई, म्हणून पयल्या दिवशी जीव घाबरा झाला हुता. पण पाटाची वाट सुनी असती, आन फटफट मला दारापर्यंत ऐकू येती. आत्ता वढ्याजवळ आलेत, आता वळणावर.

बाकी मागनं लिहिते. च्या टाकते.

तुमची मायाळू नजर हितं असू द्या.
लीला