दादाच्या नावाचं खातं

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय अदिती,

दिवाळीला तू माहेरी आली नाहीस. आई दोन दिवस दाराकडे बघत होत्या. मी त्यांना काही बोलले नाही, कारण तू का आली नाहीस ते मला ठाऊक आहे.

आपलं भडंगाचं काम तुला माहीतच आहे. दुकानदारांचं कसंही चालायचं. कोणी रोख द्यायचं, कोणी फोनवरून, एक जण तर गुळाच्या ढेपा पाठवायचा आणि तुझा दादा हसत घ्यायचा. मग ती पुण्याची कंपनी आली. आठवड्याला टेम्पोभर माल. पण नोंदणी ज्याच्या नावावर, पैसे त्याच्याच खात्यात, आणि दर खेपेला त्याच्याच मोबाईलवर आलेला ओटीपी घातल्याशिवाय बिल पुढे सरकायचं नाही. सगळं दादाच्या नावावर झालं. माझंही नाव घालू म्हणाला होता, कागद जमवायचे राहून गेले. हळूहळू दुकानं सुटली आणि घर त्या एका टेम्पोवर आलं.

दादा गेल्यावर मी कंपनीला कळवणारच होते. पण चटणीवाल्या शालूबाईंचे मालक वारले तेव्हा त्यांनी खरं सांगितलं होतं. खातं अडकलं, नव्या नावाने पुन्हा रांगेत या म्हणाले, आणि शेवटी त्यांनी मिरची कुटायचा डंख विकला. आपल्याकडे भडंग परतायला पाच बायका येतात गं. मी दादाचा फोन चार्ज करून ठेवला. ओटीपी मी घालायचे. मेसेज त्याच्यासारखेच लिहायचे, शेवटी 'धन्यवाद साहेब'.

तालमीतल्या पोरांना चौकात त्याचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता, मी नको म्हटलं. बाहेरच्या खोलीत फोटोही लावला नाही, कारण कंपनीचा टेम्पोवाला, कराडकडचा सम्राट, पाणी प्यायला तिथेच बसतो. "वहिनी, मालक दिसंनात की हल्ली," म्हणायचा. मी सांगायचे, चुरमुरे बघायला गेलेत. कुंकू लावत राहिले तर गल्लीतल्या बायका मला सुधारलेली म्हणाल्या. मी घाबरलेली होते.

गेल्या आठवड्यात कंपनीचा नवा नियम आला. माल देणाऱ्याने व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवून नाव सांगायचं, नाहीतर पेमेंट बंद. दत्तप्रसाद भावजींना मीच बोलावलं. भावाभावांचा चेहरा एक, आवाजही एक. दादाचा निळ्या चौकड्यांचा शर्ट इस्त्री करून त्यांना दिला. कॉलवरच्या मुलीने नाव विचारलं. भावजींनी माझ्याकडे बघत दादाचं पूर्ण नाव सांगितलं. आतून आई आल्या, पदराला हात पुसत, लगबगीने. दारातच थांबल्या. शर्टाकडे बघत राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "काढ तो, दत्ता."

मी फोन माझ्याकडे वळवला आणि त्या मुलीला सांगितलं, हे नाव ज्यांचं होतं ते मार्चमध्येच गेले. संध्याकाळी ऑर्डर थांबवल्याचा मेसेज आला, त्याच्याच फोनवर. पाचही बायकांना येऊ नका म्हणून मीच सांगून आले. पुन्हा दुकानं धरायची म्हणते, पण एकदा तोडलेली माणसं परत दारात उभं करतील का, माहीत नाही.

तुला लिहायचं होतं ते वेगळंच. सुतकातच, आधी भरून ठेवलेला माल न्यायला टेम्पो आला होता. तू आतल्या खोलीत मोठ्याने रडायला लागलीस आणि मी धावत येऊन तुझ्या तोंडावर हात दाबला. तू माझा हात झिडकारलास, पिशवी उचललीस आणि जयसिंगपूरची एसटी धरलीस. वहिनीला लोकांची लाज वाटते, असंच वाटलं असेल तुला. बाहेर सम्राट पाणी पीत बसला होता, एवढंही मी तुला कधी सांगितलं नाही. आता या घरात कुणापासून काही लपवायचं नाही. तू ये, आणि हव्या तेवढ्या मोठ्याने रड. तू सुरुवात केलीस तर मलाही जमेल. मी अजून रडलेले नाही.

तुझीच,
श्यामलावहिनी