दुसऱ्याची वाक्यं

बाबा, रविवारी मी इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात काम केलं. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. इतकी वर्षं कुणी विचारलं की गुडघ्यांचं कारण सांगून सुटका करून घेत होते. खरं दुखणं गुडघ्यांच्या बरंच वर आहे. हल्ली मला ऐन वेळी शब्द सापडत नाहीत. शिवाजीनगरच्या बाजारात कानडी भाजीवाल्यासमोर दोडक्याचं नाव मराठीत आठवत नाही आणि कानडीतही. अशा डोक्याने दोनच पात्रांचं नाटक पेलायचं, तेही पहिल्या रांगेत बसलेल्या, तुमची कामं पाहिलेल्या माणसांसमोर. ह्या वेळी जमलं नाही तर पुन्हा स्टेजचं नाव काढायचं नाही, असं ठरवूनच मी हो म्हटलं होतं.

तालमींच्या दिवसांत येलहंक्याचं आपलं स्वयंपाकघर सारखं डोळ्यांसमोर यायचं. तुम्ही कारखान्यातून येता, बूटही न काढता दारातूनच वाक्यं सुरू करता, आणि आई पोळ्या लाटता लाटता नायिका होते. मी ओट्यावर बसून प्रॉम्प्टिंग करतेय. अख्खं नाटक मला पाठ, आणि त्याचा तोरा केवढा. मग मला एक छोटी भूमिका मिळाली. रंगीत तालमीत तुम्ही बोलत होतात आणि तुमच्याबरोबर माझेही ओठ हलत होते. बघायला आलेल्या शेजारच्या अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, तसे तुम्ही थांबलात. "माझी वाक्यं तू कशाला खातेस? मी काय म्हणतोय ते ऐकलंस का कधी?" सगळ्यांदेखत मला रडू फुटलं. समजूत घालणं तुम्हाला कधी जमलंच नाही. खिशातून एक वेलदोडा काढून माझ्या हातावर ठेवलात. "गालात धर. तुझी पाळी येईपर्यंत तोंड बंद. नुसतं माझ्याकडे बघ." मी बघितलं. बोलताना तुमच्या कपाळावरची शीर हलते, हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी माझा मुलगा झालेला नट एचएसआर लेआउटमधला, ऑफिसातून थेट तालमीला येणारा, चांगला मन लावून काम करणारा. दुसऱ्या अंकात त्याने अख्खं पान गाळलं आणि भलताच प्रश्न विचारून थांबला. चेहरा पांढराफटक. माझ्या डोक्यात एक शब्द नव्हता. मी शोधायलाही गेले नाही. त्याच्याकडे बघितलं. त्याने मला खरंच काहीतरी विचारलं होतं, आणि तो घाबरला होता. घाबरलेल्या मुलाला आई देईल ते उत्तर मी दिलं. ते लेखकाचं होतं की माझं, कोण जाणे. तिथून पुढे मला ना गुडघे होते, ना पहिली रांग. तो बोलायचा, मी ऐकायचे, आणि माझं वाक्य आपसूक तोंडात यायचं. इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

पडदा पडल्यावर तो म्हणाला, "ताई, सॉरी, पूर्ण पेज स्किप झालं. तुम्ही मॅनेज कसं केलं?"

"सरी सरी, ठीक आहे, सोड रे. मजा आली की नाही?"

घरी सगळे म्हणाले, आज बाबा असायला हवे होते. मी मान डोलावली. विंगेत हात जोडून मी हा प्रयोग तुमच्या नावाने सुरू केला होता. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. पडदा पडेपर्यंत मला तुमची एकदाही आठवण झाली नाही.