जाड बुंध्याचं मटेरियल

३ जून, सकाळी ७
आजपासून बोन्साय. क्लासच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, झाड म्हणायचं नाही, मटेरियल म्हणायचं. बुंधा जाड हवा, बाकी सगळी कात्रीची कामं. कात्री आणली. ट्रेही आणला. आता फक्त मटेरियल.

७ जून
चार नर्सऱ्या पालथ्या घातल्या. बुंधा जाड असला की किंमत ऐकूनच घाम फुटतो. किंमत परवडावी तर बुंधा पेन्सिलीएवढा. एका नर्सरीवाल्याने विचारलं, काका, पंधरा वर्षं थांबता का? थांबलोही असतो, पण क्लासचं प्रदर्शन जानेवारीत आहे.

९ जून
बायको आठ दिवस बहिणीकडे गेली. एकांतात डोकं छान चालतं.

१० जून, दुपारी ४
काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाल्कनीतल्या ड्रममध्ये डाळिंब आहे. बुंधा मनगटाएवढा. फुकट. बायकोच्या वडिलांनी वारण्याच्या आदल्या वर्षी लावलेलं. तिचा फार जीव आहे त्याच्यावर. म्हणजे झालेली कलाकृती पाहून ती भारावणारच.

११ जून
आरी चालवली. फांद्या तीनच ठेवल्या. मुळं एका वेळी तिसरा हिस्साच कापा, असं बाई म्हणतात, पण ते नवशिक्यांसाठी. ट्रेमध्ये बसेना, म्हणून आणखी थोडी कापली. मग आणखी थोडी.

१५ जून
पानं गळली. विश्रांती घेतंय. नखाने साल खरवडली, आत हिरवं. जिवंत आहे! उद्या पुन्हा बघू.

१७ जून
बायको आली. बॅग खांद्यावर तशीच ठेवून बाल्कनीत उभी राहिली. मी मटेरियल, प्रपोर्शन वगैरे समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "बाबांचं झाड होतं ते." मग चहा केला, माझ्यासाठीही. भांडली असती तर परवडलं असतं.

२१ जून
बाईंना फोटो पाठवला. त्यांचं म्हणणं, आता हात लावू नका. पण हात न लावता कळणार कसं? चार ठिकाणी खरवडलं. एका ठिकाणी हिरवं. किंवा हिरवट.

२९ जून, सकाळी ६
खरवडत होतो. मागे बायको कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"आता खरवडू नका," ती म्हणाली. "कुठेतरी थोडं हिरवं असेल, एवढं तरी मला म्हणता येऊ द्या."

बरं म्हणालो. खरवडायला साल उरलेलीच नाही, हे तिला सांगायचा धीर झाला नाही.