पवनचक्कीने दिलेली बातमी

९ मार्च १९७८, सकाळचे सात. बाळाची दुपटी वाळत घालून लिहायला बसलो आहे.

ती. यिक्के आत्यास,

हे तुझ्या तोंडावर बोलवत नाही, आणि पत्रही मी देणार नाही.

बंद पडलेल्या पवनचक्कीतली जाती काढून तू तिचं घर केलंस, पण पाती फिरती ठेवलीस. म्हणून गाव अजून त्यांच्यावरून आपल्या घरची बातमी ओळखतं. वरचं पातं सगळ्यात उंच जागेच्या जरा अलीकडे थांबलं तर आनंद, पलीकडे गेलं तर मृत्यू. काल मला मुलगी झाली आणि ब्रेक लावून पाती थांबवायचा मान तू मला दिलास. मी दोर क्षणभर उशिरा ओढला. पातं पलीकडे गेलं.

तासाभरात शेजारचे ऊबले काका काळा कोट घालून चारचौघांसह आले. दार तूच उघडलंस.

"यिक्के, तू? आम्ही तुझ्यासाठीच आलो होतो."

"मग बसा. माझ्या मयताची कॉफी मीच करते. अरे, मुलगी झालीय."

काळ्या कपड्यांतली माणसं बाळ झाल्यावर आपल्याकडे वाटतात ते बडीशेपेचे गोड टोस्ट खाऊन हसत गेली.

मला वाटलं, तुझ्यामागे ही पवनचक्की आता माझ्या हाती येत नाही. तू मला बाहेर नेलंस, पाती पुन्हा फिरू दिलीस, ब्रेकचा दोर माझ्या हातात दिलास आणि पाठ फिरवलीस.

"ओढ आता. मी बघत नाहीये."

तुझ्या घरात राहणारा,
राइंडर्ट